दुपारी तीन वाजता मावशी काय करतात ते विचारा

एका आईने पाळणाघर निवडण्याबद्दल विचारलंय, प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी ८ महिन्यांची, पुढच्या महिन्यात आई पुण्यात खराडीला ऑफिस जॉइन करणार, घर शहराच्या दुसऱ्या टोकाला कोथरूडला, दिवसभर घरी थांबेल असं कुणी नाही. तीन पाळणाघरं बघून झालीत. बिल्डिंगमागच्या काकूंना नियम विचारले तर 'आमच्याकडे अगदी घरच्यासारखं असतं हो' एवढंच उत्तर आलं, दुसरीकडे मोबाईलवर कॅमेरा दिसतो आणि भलीमोठी पीडीएफ मिळाली पण ती जवळजवळ सगळी फी आणि नोटीस पिरियडबद्दल, तिसरीकडे म्हणाले आधी ॲडमिशन घ्या मग सगळं समजावून सांगू. तर नेमकं काय विचारायचं आणि कशावरून ठरवायचं.

मी कर्वेनगरला २३ वर्षं पाळणाघर चालवतेय. घरच्या हॉलमध्ये ४ मुलांवर सुरू केलं होतं, आता २६ मुलं आणि त्यांना सांभाळणाऱ्या ७ मावशी आहेत. मोठं उत्तर लिहितेय, बाळाला झोपवून निवांत वाचा.

आधी नियम कशाला लागतात ते सांगते, कारण ते कळलं की काय विचारायचं ते आपोआप सुचतं. दुपारी तीनला आमच्याकडे काय चालू असतं बघा. दोघं झोपलेत, एक नुकतीच उठून रडतेय, एकाने शी केलीय, एकाला उठल्या उठल्या दूध लागतं आणि ते गरम व्हायचंय, तेवढ्यात बेल वाजते, कुरिअर. मावशी सकाळी साडेआठपासून पायावर आहे आणि तिचं स्वतःचं जेवण पावणेतीनला उरकलंय. ती मायाळू आहे, कामाची आहे, पण दमलेली आहे. त्या क्षणी तिने डोकं चालवून निर्णय घ्यावा अशी अपेक्षाच करायची नाही, निर्णय आधी झालेला पाहिजे आणि मराठीत भिंतीवर लावलेला पाहिजे. शी आधी की दूध आधी, हात कुठे धुवायचे, दार कोण उघडणार, झोपलेल्यांजवळ कोण बसणार. घरी आपण एका बाळाचं करतो तेव्हा हे सगळं अंदाजाने चालून जातं. सात-आठ बाळं एकत्र आली की अंदाज पुरत नाही. म्हणून 'घरच्यासारखं' हे मला अर्धंच उत्तर वाटतं, ते प्रेमाबद्दल आहे आणि प्रेम हवंच, पण त्यात तीन वाजता काय करणार ते येत नाही.

त्यामुळे पहिली गोष्ट, मालकीणबाईंना विचारून झालं की मावशींना विचारा, आणि मालकीणबाई तिथे नसताना विचारा. 'मावशी, बाळ झोपलं की कसं झोपवता?', 'ताप आला तर आधी काय करता?', 'हिने उलटी केली तर?' मावशी न अडखळता सांगू लागल्या, हात करून दाखवू लागल्या, की समजायचं तिथे नियम खरंच पाळला जातोय. त्या म्हणाल्या 'ते मॅडम बघतात' तर पीडीएफ कितीही जाड असू दे, उपयोग नाही.

आता माणसं किती. केंद्र सरकारने २०१८ मध्ये क्रेशसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात ३ वर्षांखालच्या १० मुलांमागे एक प्रशिक्षित व्यक्ती आणि ३ वर्षांवरच्या २० मुलांमागे एक, शिवाय मदतनीस, असं आहे. ती कंपन्यांनी चालवायच्या क्रेशसाठी आहेत, पण घरगुती पाळणाघरालाही मोजपट्टी म्हणून लावायला हरकत नाही. माझं स्पष्ट मत, १० हा आकडा चालत्या-बोलत्या अडीच वर्षाच्या मुलांसाठी एक वेळ ठीक, रांगणाऱ्या बाळांसाठी अजिबात नाही. आग लागली तर एक बाई दोन कडेवर दोन बाळं घेऊन बाहेर पडू शकते, दहा नाही. आम्ही दीड वर्षाखालच्या ४ बाळांमागे एक मावशी ठेवतो आणि त्यामुळेच आमची फी जास्त आहे, ते मी पालकांना पहिल्याच दिवशी सांगून टाकते. आणि एकूण किती माणसं आहेत असं विचारू नका, 'दुपारी एक ते तीन खोलीत किती जणी असतात' असं विचारा. कागदावर पाच असतात, त्यातली एक स्वयंपाकात, एक जेवायला, एक सुट्टीवर, उरल्या दोन. आणि एखादी आलीच नाही तर बदली कोण येतं, हेही.

झोपेबद्दल जरा जास्त लिहिते, कारण तुमची मुलगी एक वर्षाखालची आहे. एक वर्षापर्यंत बाळाला पाठीवरच झोपवायचं, दुपारच्या अर्ध्या तासाच्या झोपेलासुद्धा. ती स्वतःहून कुशीवर वळली तर वळू द्यायचं, पण ठेवताना पाठीवर. गादी कडक आणि सपाट, वर घट्ट बसवलेली चादर, आणि पाळण्यात दुसरं काहीही नाही. उशी नाही, टेडी नाही, लोड नाही, दुपट्यांचा ढीग नाही. इथे आजी मंडळींचं आणि माझं दर वर्षी एकदा तरी वाजतं, कारण डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी पाठवतात. मी त्यांना हात जोडून सांगते की आज्जी, जागेपणी तिला पालथं घालून खेळवू, मांडीवर घेऊ, डोक्याला आकार येईल, पण झोपेत उशी नको, तोंड त्यात रुतलं तर या वयात बाळाला बाजूला होता येत नाही. साडीच्या झोळीचंही तेच. बाळ त्यात पटकन झोपतं हे मला मान्य आहे, मीही झोळीतच वाढलेय, पण त्यात हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडतो, आणि आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. त्यामुळे आमच्याकडे झोळी नाही. झोपलेल्या खोलीत एक मावशी बसून असते, दर १० मिनिटांनी प्रत्येक बाळाच्या छातीकडे बघायचं आणि तक्त्यावर खूण करायची. खोलीत अंधार नको, चेहऱ्याचा रंग दिसला पाहिजे. डिसेंबरात थंडी वाजेल म्हणून पालक टोपडं, स्वेटर, वर ब्लँकेट असं सगळं चढवायला सांगतात, तर टोपडं झोपताना काढतो आणि पांघरुणाऐवजी एक कपडा जास्त घालतो.

तुम्ही बघायला गेलात की झोपेची खोली उघडून दाखवायला सांगा. 'मुलं झोपलीत, आत्ता नको' म्हणाले तर दारातून बघा. सगळी बाळं एका मोठ्या गादीवर ओळीने आणि जवळ कुणी नाही असं दिसलं तर मी तिथून परत फिरेन.

दूध. तुम्ही काढलेलं दूध देणार असाल तर बाटलीवर नाव, तारीख, वेळ. साधारण २५ अंशापर्यंतच्या खोलीत ते ४ तास टिकतं, फ्रिजमध्ये ४ दिवस. पुण्यात एप्रिल-मेमध्ये खोली २५ वर कुठे असते, म्हणून बर्फाच्या पॅकसकट आणायचं आणि आल्याबरोबर फ्रिजमध्ये, दारात नाही, आतल्या बाजूला. गरम करायचं ते कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून, मायक्रोवेव्हमध्ये नाही, त्यात एका ठिकाणी चटका बसेल इतकं गरम आणि बाजूला गार असं होतं. बाळाने अर्धं टाकलं तर उरलेलं २ तासांत संपवायचं नाहीतर ओतायचं, पावडरचं असेल तर पाजायला सुरुवात केल्यापासून १ तास. ओतताना जीव तुटतो, एका आईने ऑफिसच्या स्टोअररूममध्ये बसून काढलेलं असतं ते, पण ओतायचंच. आणि बाटली तोंडाला लावून आडवं झोपवून ठेवलेलं बाळ दिसलं तर तो फार मोठा दोष धरा, बाळाला मांडीवर घेऊनच पाजलं पाहिजे.

खाणं तुमच्या डब्यातलं असो की त्यांच्याकडचं, ८ महिन्यांना मऊ वरणभात तूप, खिमट, नाचणी, कुस्करलेलं केळं, उकडलेलं रताळं, असं चालतं. एक वर्षापर्यंत वेगळं मीठ-साखर नको आणि मध अजिबात नको, चाटवण्यापुरताही नाही, त्यातून लहान बाळांना बोटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. घुटी, ग्राइप वॉटर, काजळ, नाकात तेल, यातलं काहीही आमच्या हाताने होणार नाही असं आम्ही फॉर्मवर लिहून घेतो, घरी काय करायचं ते तुमच्या डॉक्टरांशी बोला.

घशात अडकण्याचं मात्र कडक असतं. शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे तुकडे लहान मुलांच्या आसपासही येऊ द्यायचे नाहीत, द्राक्ष द्यायचंच तर उभं चार भाग करून. सगळ्यात धोक्याचे दिवस म्हणजे गणपती, कुणीतरी प्रेमाने खिरापतीचा डबा पाठवतं आणि त्यात खोबऱ्याचे तुकडे आणि खडीसाखर असते, मोठा मुलगा ती धाकट्याच्या तोंडात घालतो. म्हणून प्रसाद दारातच घेऊन वर ठेवायचा. आणि मावशींना विचारा की अडकलं तर काय करता. एक वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं घ्यायचं, डोकं छातीपेक्षा खाली, दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने ५ थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध ५ वेळा दाब, हे आलटून पालटून. दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपायचं नाही, तुकडा आणखी खाली जातो. आम्ही दर तीन महिन्यांनी याची प्रॅक्टिस करतो. एक जुनी कापडी बाहुली आहे, तिच्यात तांदूळ भरून ती ७ किलोची केलीय, कारण हलक्या बाहुलीवर शिकलेला हात खऱ्या बाळाच्या वजनाला गडबडतो. नवीन मावशी पहिल्यांदा ती बाहुली उचलते तेव्हा बाहुलीचं डोकं एका बाजूला लुढकतं आणि मावशीचा हात आपोआप मानेखाली जातो, तिथून पुढे शिकवायला सोपं जातं.

आता औषध. इथे आमच्याकडून झालेली चूक सांगते. २००९ चा ऑगस्ट, पुण्यात स्वाइन फ्लू, देशातला पहिला मृत्यू इथेच झालेला, साधी कणकण आली तरी घराघरात धाबं दणाणायचं. १४ महिन्यांचा एक मुलगा, अंग गरम लागलं म्हणून मावशीने त्याच्या बाबांना फोन केला, ते म्हणाले बॅगेत तापाचं सिरप आहे, द्या. तिने साडेअकराला दिलं. बारा वाजता आईचा फोन आला की सकाळी ९ ला निघताना मी डोस दिलाय, पुढचा दुपारी बघा. अडीच तासात दोन डोस झाले होते. लगेच डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी वजनावरून हिशोब केला, म्हणाले काही होणार नाही, लक्ष ठेवा, आणि खरंच काही झालं नाही. पण त्या संध्याकाळी त्याच्या आईसमोर उभं राहून सांगताना माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हते. मावशीची चूक नव्हती, तिला बापाने सांगितलं होतं. चूक माझी होती, कारण विचारायचे प्रश्न मी ठरवून दिले नव्हते.

तेव्हापासून औषधाची वही आहे. सकाळी सोडतानाच लिहायचं, गेल्या २४ तासांत काय दिलं, किती वाजता. औषध द्यायचं तर डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो, मूळ बाटली, बाटलीवर मुलाचं नाव, किती एमएल, किती वाजता, आणि देताना दोघींनी वाचायचं, दोघींच्या सह्या. फोनवरून 'अर्धा चमचा द्या' चालत नाही. चमचा हा शब्दच आम्ही काढून टाकलाय, कारण पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या बाटलीत १ एमएलमध्ये १०० मिलिग्रॅम असतं, साध्या सिरपच्या ५ एमएलमध्ये १२० आणि स्ट्राँगवाल्यात ५ एमएलला २५०. म्हणजे ८ किलोच्या बाळाला डॉक्टरांनी १२० मिलिग्रॅम सांगितलं तर एका बाटलीतून ते १.२ एमएल होतं आणि दुसरीतून ५ एमएल. थेंबांच्या बाटलीतून चुकून ५ एमएल गेलं तर चौपटीपेक्षा जास्त. म्हणून तुमच्या डॉक्टरांकडून तुमच्या मुलीच्या आत्ताच्या वजनाचा डोस, औषधाच्या नावासकट आणि स्ट्रेंग्थसकट लिहून घ्या आणि ती चिठ्ठी पाळणाघरात देऊन ठेवा.

तापात झटका येणारी मुलं असतात, साधारण ६ महिने ते ५ वर्षं या वयात, बघणाऱ्याचे हातपाय गळतात. आमच्या एका जुन्या मावशी चप्पल हुंगवायला धावल्या होत्या, कांदा तर सगळ्यांनाच माहीत असतो. कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं टणक सामान सरकवायचं, तोंडात चमचा-बोट-पाणी काहीही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, ५ मिनिटांत थांबलं नाही तर १०८ किंवा जवळचं हॉस्पिटल, थांबलं तरी डॉक्टरांना दाखवायचं. एवढंच भिंतीवर लिहिलंय, मोठ्या अक्षरात.

आजारी मूल कधी आणायचं नाही, यावर पालक सगळ्यात जास्त नाराज होतात. आमचा नियम, १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप असेल तर घरी, आणि औषधाशिवाय २४ तास ताप नसेल तेव्हा परत. जुलाब, उलट्या, डोळे आले, हात-पाय-तोंडावर फोड आले, तर घरी. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये डोळ्यांची साथ होती तेव्हा एका मुलाला 'ॲलर्जी आहे' म्हणून सोडलं आणि चार दिवसांत निम्मी मुलं आणि दोन मावशी लाल डोळे घेऊन बसल्या. मला कळतं हो, रजा संपलेली असते, मॅनेजर टोमणे मारतो, सासूबाई येऊ शकत नाहीत, म्हणून आई सकाळी औषध देऊन ताप उतरवून सोडते आणि देवाचं नाव घेत ऑफिस गाठते. मी तिला बोल लावत नाही. पण त्याच खोलीत एखादं नाजूक तब्येतीचं सात महिन्यांचं बाळ असतं. पाळणाघराने हा नियम सगळ्यांना सारखा लावला पाहिजे, ओळखीच्यांना सूट देणारं पाळणाघर तुमच्याही मुलीला कुणाचा तरी ताप देणार. लसीकरणाचं कार्ड मागतात का ते बघा, ९ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस तुमच्या मुलीची लवकरच येतेय. आणि न मागताच ॲडमिशन देत असतील तर बाकीच्यांचंही बघितलेलं नाही.

पाण्याचं पुण्यात वेगळंच. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, यात हातपाय लुळे पडू शकतात) पेशंट निघाले आणि पाण्याकडे बोट गेलं, तेव्हापासून पालक पिण्याच्या पाण्याचं विचारायला लागलेत, चांगलंच आहे. फिल्टर असला तरी लहानांसाठी आम्ही उकळून गार करतो. पण मला त्याहून जास्त भीती साठवलेल्या पाण्याची वाटते. गुरुवारी पाणी बंद असलं की बुधवारी रात्री पुण्यातलं प्रत्येक घर बादल्या, पिंपं, टब भरून ठेवतं. रांगतं, धरून उभं राहणारं बाळ बादलीत डोकावतं, डोकं जड असतं, ते तोंडावर आत जातं आणि स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही, आणि आवाजही होत नाही. वीतभर पाणी पुरतं त्याला. आमच्या बाथरूमला वरच्या बाजूला बाहेरून कडी आहे, मोठ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, आणि पिंपाला झाकण-कुलूप. तुम्ही शक्यतो गुरुवारीच बघायला जा. बाथरूमचं दार उघडं आणि बादली भरलेली दिसली तर बाकी काही बघायची गरज नाही. कुंड्यांच्या ताटल्या, कूलर, फ्रिजमागचा ट्रे यातलं पाणी आठवड्यातून एक दिवस ओतायचं, डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि दिवसा मुलं आमच्याच ताब्यात असतात.

मुलांनी एकमेकांना चावण्याबद्दलही सांगून ठेवते, अजून वेळ आहे पण वर्ष-सव्वा वर्षाने येईलच. सव्वा ते अडीच वर्षाची मुलं चावतात, कारण हवं ते सांगायला शब्द नसतात. दंडावर दातांचा लालभडक गोल घेऊन मूल घरी गेलं की आई रडते, साहजिक आहे. आमचा नियम, जखम साबणाने धुवायची, गार फडकं, वहीत वेळ आणि जागा लिहायची, दोन्हीकडच्या पालकांना त्याच दिवशी सांगायचं, कोण चावलं ते नाव सांगायचं नाही, आणि चावणाऱ्याला मारणं किंवा उलट चावून दाखवणं तर कधीच नाही. वही लिहिण्याचा फायदा काय झाला सांगते, एका महिन्यात पाच वेळा चावणं झालं होतं, वेळा बघितल्या तर पाचही बारा ते सव्वाबारामध्ये. मुलं भुकेजलेली होती, ताटं येईपर्यंत एका कोपऱ्यात दाटीने बसवलेली. जेवण पावणेबाराला आणलं आणि बसायच्या दोन जागा केल्या, पुढच्या महिन्यात एकदाच झालं. तुमच्या पाळणाघरात अशी अपघाताची वही आहे का विचारा, आणि 'आमच्याकडे कधी काही लागत-पडत नाही' असं ऐकलं तर समजा की लिहीत नाहीत.

आता कॅमेरा. असू द्या, आमच्याकडेही आहेत. पण २०१६ मध्ये खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाली त्या घटनेत कॅमेरा होता, बाळाला इजा झालेली दिसल्यावर त्यातलं रेकॉर्डिंग बघितलं गेलं. मीटिंगमध्ये बसून तुम्ही दिवसभर ॲप बघू शकत नाही आणि बघूही नये, वेड लागेल. मला त्यापेक्षा तीन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. न सांगता कधीही आत येऊ देतात का. प्रत्येक माणसाचं पोलीस व्हेरिफिकेशन केलंय का, आणि त्यात स्वयंपाकीण, ड्रायव्हर, आणि घरगुती पाळणाघर असेल तर घरातली पुरुषमंडळीही येतात का, विचारायला संकोच वाटतो, तरी विचारा. आणि लंगोट-डायपर कुठे बदलतात, तर दुसऱ्या मोठ्या माणसाच्या नजरेच्या टप्प्यात, बंद दाराआड कधीच नाही. प्लंबर, इलेक्ट्रिशियन मुलं असताना आत येत नाहीत, आलेच तर एक मावशी पूर्ण वेळ त्यांच्यासोबत. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, 'आपसात मिटवू' असा पर्याय नाही, आणि मुलांसाठीचा १०९८ हा हेल्पलाइन नंबर पाळणाघरात लावलेला दिसायला हवा.

न्यायला कोण येणार याची फोटोसकट यादी. एकदा आईचे सख्खे मामा आले, मी त्यांना लग्नात बघितलेलं, तरी यादीत नाव नव्हतं म्हणून आईला फोन लागेपर्यंत त्यांना पाऊण तास बसवलं, चहा दिला, ते भयंकर चिडले. दुसऱ्या दिवशी आईने येऊन मिठी मारली.

तुमच्या बाबतीत अंतर हा खरा प्रश्न आहे. खराडी ते कोथरूड, मेट्रो रामवाडीपर्यंतच, पुढे रिक्षा, म्हणजे फोन आल्यावर सव्वा तास तरी. म्हणून अर्ध्या तासात पोचेल असं एक माणूस कोथरूडमध्येच हवं, मैत्रीण, शेजारच्या काकू, कुणीही, आणि तिची मुलीशी आधी ओळख हवी. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडलं, नदीकाठची एकतानगरी पाण्यात गेली, त्या दिवशी आमच्याकडची तीन मुलं रात्री नऊपर्यंत होती. त्यांच्यासाठी जास्तीचं दूध, कपडे, थांबायला दोन मावशी, हे सगळं आधीपासून ठरलेलं होतं म्हणून निभावलं. 'उशीर झाला तर काय' याचं उत्तर फक्त 'तासाला इतके रुपये' एवढंच येत असेल तर आणखी खोदून विचारा. आणि हो, तुमच्या ऑफिसात ५० किंवा जास्त माणसं असतील तर कायद्याप्रमाणे क्रेशची सोय देणं कंपनीवर बंधनकारक आहे, आणि दिवसातून ४ वेळा बाळाला भेटायला जाता येतं. एचआरला मेल टाका, तोंडी विचारू नका. अर्थात खराडीत क्रेश मिळालं तर ८ महिन्यांच्या बाळाला रोज दोन-तीन तास प्रवास, मी तरी घराजवळचंच निवडेन आणि कंपनीकडून त्या फीला हातभार मागेन.

फी, डिपॉझिट, सुट्ट्यांचे पैसे, हे लेखी घ्या आणि विषय संपवा. स्क्रीनबद्दल एकच, २ वर्षांखाली शून्य, भरवतानाही मोबाईल नाही.

तीनपैकी कुठलं, तर तिसरं आत्ताच सोडा, नियम दाखवायच्या आधी पैसे मागतात तिथे पुढेही असंच होणार. कॅमेरावाल्यांकडे दुपारी एक ते तीनमध्ये न सांगता जा, खोलीत माणसं मोजा. आणि काकूंना पुन्हा एकदा भेटा, शांतपणे. घरगुती असणं हा दोष नाही, मीही तिथूनच आलेय, कितीतरी काकू सगळं नीट करतात फक्त त्याला नियम म्हणत नाहीत. त्यांना सरळ विचारा, झोपवता कसं, औषध कसं देता, गुरुवारी बादल्या कुठे असतात, तुम्हाला बरं नसेल त्या दिवशी कोण असतं. उत्तरं चांगली आली तर औषधाची वही तुम्हीच घेऊन जा, पहिल्या पानावर रकाने आखून, बहुतेक काकू खूश होतात.

रुळवायला पूर्ण दोन आठवडे ठेवा, जॉइनिंगच्या आधीचे. पहिले दोन दिवस तुम्ही तिथेच तासभर बसायचं, मग अर्धा तास बाहेर, मग एक जेवण, मग एक झोप, शेवटी पूर्ण दिवस. तिची नजर चुकवून निसटू नका, प्रत्येक वेळी टाटा करून जा, ती रडली तरी. या वयात अनोळखी माणसाला बघून रडणं नॉर्मल आहे, १०-१५ मिनिटांत एकाच मावशीच्या कडेवर शांत होतेय का ते विचारा, आणि पहिला महिना तीच मावशी असू द्या म्हणावं. तुमची वापरलेली, न धुतलेली ओढणी बॅगेत ठेवा. ती रडली की मावशी ओढणी खांद्यावर टाकून तिला घेते, बाळ नाक खुपसतं त्यात. पाळण्यात ठेवताना मात्र ओढणी काढून घ्यायला सांगा.